आतून कडी

काकाजींनी मला पहिल्या भेटीत विचारलं, "बाई, उंची किती भरते तुमची?"

नाटकात काम करणाऱ्या बाईला हा प्रश्न नवा नसतो. गावातला नायक ठेंगणा निघाला की मंडळवाले आधी तेच विचारतात. मी सांगितली. काकाजींनी मान हलवली. "उभ्यानं नाई म्हणत मी. झोपल्यावर किती भरता?"

मी पायातली चप्पल काढली होती. खोटं कशाला बोलू, हातात घेतलीही होती. पण त्या माणसाचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. खिशातून सुतळीचं गुंडाळं काढून ते तिच्या गाठी बोटांनी चाचपत उभे होते. शेजारी मोठ्या बाई होत्या. त्या आईची, सासूची कामं करायच्या आणि माझ्याआधी दोन हंगाम काकाजींच्या गाडीतून फिरल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मोजू दे व. त्याच्या डोक्यात फळी आहे, दुसरं काई नाई."

मग मी, नागपूरच्या तीन मंडळांची नायिका, भर दुपारी एका मोडक्या मेटॅडोरच्या तळाशी उताणी झोपले आणि त्या माणसाने दोन हात लांब उभं राहून माझ्या बाजूला सुतळी अंथरली. माझ्या मापाला दोन गाठी मारल्या. "उभा माणूस खोटं भरते," ते म्हणाले. "झोपला म्हणजे खरा." एवढं बोलून ते गेले आणि मी उठून साडीची धूळ झटकत राहिले. आज इतकी वर्षं झाली, तो प्रसंग आठवला की माझ्या कानाच्या पाळ्या गरम होतात.

भंडाऱ्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. सत्तरच्या दशकाच्या शेवटी हे सगळं गावकीचंच काम होतं. पुरुषांची कामं गावातली माणसं करायची, दिवसा धान कापून संध्याकाळी तालीम. बाया, पडदे आणि पेटी-तबला तेवढा बाहेरून यायचा. काकाजी पडदे, पोशाख आणि रंगमंचाच्या फळ्या भाड्याने द्यायचे, आणि नागपूरहून आलेल्या आम्हा दोघींना आपल्या गाडीतून गावोगाव न्यायचे. पेटीमास्तर आणि तबलजी एस.टी.ने यायचे.

नाटक रात्री सुरू झालं की उजाडेपर्यंत चालायचं. म्हणजे आमची झोप दिवसा. गाव उठून बैल सोडायचं तेव्हा आम्ही तोंडावरचा रंग पुसायचो आणि जिथे जागा मिळेल तिथे पडायचो, कारण पुढच्या गावात पुन्हा रात्रभर उभं राहायचं असायचं. नाटकवाली बाई काय खाते, किती घेते, कोणाची कोण, हे सगळं गाव विचारायचं. ती झोपते कुठे, हे कोणी विचारायचं नाही. शाळेची खोली, ग्रामपंचायतीचं ऑफिस, कोणाच्या तरी घरापुढची सपरी. रात्रभर माझ्या दुःखावर डोळे पुसणारी माणसं सकाळी तेच डोळे खिडकीच्या फटीला लावायची. पदर नीट करत करत झोपायचं म्हणजे काय, ते मी कोणाला समजावून सांगू? आणि हे सगळं करून वर आम्हालाच नावं ठेवायची. ती ठेवणारी माणसं आता म्हातारी झाली असतील आणि देवळात बसत असतील, बसू देत.

मोठ्या बाईंच्या वाट्याला तर याहून वाईट आलं होतं. एका गावात मंडळवाल्यांनी त्यांना झोपायला खोली दिली आणि बाहेरून कडी घातली. तुमच्याच भल्यासाठी, पोरं त्रास देतात, असं कारण. कडी घालणारा माणूस शंकरपटाच्या शर्यतीतले बैल बघायला गेला तो दुपार कलली तरी परतला नाही. बाईंना परसाकडे जायचं होतं. त्यांनी दार वाजवलं, हाका मारल्या, आणि बाहेर जमलेली माणसं हसली. काकाजी आपले पडदे गोळा करायला आले तेव्हा त्यांनी कडी काढली. तोवर व्हायचं ते झालं होतं आणि बाई लुगड्याचा बोळा घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, गाडीत, माझ्याकडे पाठ करून. काकाजींनी त्या हंगामानंतर भंगारातली मेटॅडोर घेतली.

याआधी हा माणूस तुमसरला एका धानाच्या गिरणीत पोत्यांची थप्पी लावून घ्यायचा. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू दिसली की ती आडवी बसेल की उभी, एवढंच त्यांना सुचायचं. गाडी त्यांनी आतून अशी भरली होती की पहिल्यांदा बघणाऱ्याला काही कळू नये. रात्री ज्या फळ्या रंगमंचावर असायच्या, त्याच सकाळी आमच्या पलंगाच्या. ज्या लाकडी घोड्यांवर राजाचा दरबार उभा राहायचा, त्याच घोड्या उजाडल्यावर गाडीत शिरायच्या, त्यांच्यावर फळ्या पडायच्या, पाचरी ठोकल्या जायच्या आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस नीट लांब होईल अशी जागा व्हायची. खिळा एकही नाही. प्रवासात तीच फळी बिजागरीवर दुमडून बाकडं व्हायची. फळ्यांच्या खाली पोशाख, वर छताला टांगलेल्या झोळीत मुकुट आणि केसांचे टोप, आणि दाराच्या आतल्या अंगाला तोंड रंगवायचा आरसा. थंडीत पांघरायला राजाचा मखमली झगा. त्याला डिंकाचा आणि परक्या माणसाच्या घामाचा वास यायचा, पण ऊब चांगली होती.

"ज्याले एकच काम, त्याले गाडीत जागा नाई," असं काकाजी दिवसातून अनेकदा म्हणायचे. सिंहासनाचं झाकण उचललं की आत स्टोव्ह, पातेली आणि कांदे. एकदा एक राजा रागाने त्यावर बसला आणि आतली थाळी एवढी वाजली की प्रधानाला हसू आवरेना. लोकांना तो विनोद आवडला म्हणून पुढच्या गावात राजाने मुद्दाम आपटून घेतलं आणि आमची वरणाची पातेली चेपली.

माझ्याकडे आईने दिलेली पत्र्याची पेटी होती. झाकणावर गुलाब रंगवलेला. नाकाडोंगरीच्या वाटेवर चहाला थांबलो होतो, मी हात धुऊन आले तर माझ्या साड्या कापडी पिशव्यांत भरून गाडीच्या भिंतीला टांगलेल्या. पेटी नाही. विचारलं तर म्हणाले, "कामाले लावली." दोन दिवसांनी मी रंगमंचावर होते, वादळात मूल हरवलेल्या आईचं काम. पाठीमागून गडगडाट सुरू झाला. मी वळून पाहिलं. पडद्याआड काकाजी दोन्ही हातांनी माझ्या पेटीचं झाकण हलवत होते आणि आईचा गुलाब वरखाली होत होता. त्या रात्री मी जी किंकाळी फोडली तिला बायामाणसं हमसून रडली. तो अभिनय नव्हता. पेटीचा खालचा भाग उलटा होऊन गाडीची पायरी झाला होता, हे मला सकाळी कळलं, आणि पुढे सगळा हंगाम मी आईच्या पेटीवर पाय देऊन झोपायला चढले. याबद्दल मी त्यांना कधी माफ केलं नाही आणि त्यांनीही कधी मागितलं नाही.

नियम तर किती. डोक्याला तेल लावून फळीवर झोपायचं नाही, लाकूड डागाळतं आणि रात्री राजाचा पाय घसरतो. फळीवर चप्पल नाही. माझी फळी मोठ्या बाईंच्या फळीच्या जागी लावली तर दिवसभर तोंड फुगवून बसायचे. दोन्ही फळ्यांवर आमच्या नावांऐवजी सुतळीच्या गाठीचं चिन्ह कोरलं होतं, मोठ्या बाईंची एक गाठ, माझ्या दोन. एकदा मी चिडून म्हटलं की काकाजी, आम्ही बाया आहोत, पोती नाही. ते शांतपणे म्हणाले, "पोतं बरं. लावलं तसं राहते."

पण एक गोष्ट होती. गाडीच्या मागच्या दाराला कडी फक्त आतून होती. बाहेरून काहीच नाही, कोयंडा नाही, साखळी नाही. यामुळे आम्ही सगळे बाहेर असलो की गाडी उघडी. एका गावात केसांचे टोप चोरीला गेले आणि द्रौपदी बोडकी राहायची वेळ आली. मोठ्या बाईसुद्धा म्हणाल्या, एक कुलूप लावून घ्या. काकाजींनी ऐकलं नाही. "बाहेरून कडी लावली तं ते पेटी होते," ते म्हणाले. "आतून लावली तं घर." पुढची ड्रायव्हरची बाजू त्यांनी फळीची भिंत घालून वेगळी केली होती. तिथे सीटवर गुडघे पोटाशी घेऊन ते स्वतः झोपायचे, एवढा उंच माणूस. तुमची फळी कुठे, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, चालवणाऱ्याला फळी कशाला. त्यांच्या सुतळीला त्यांची स्वतःची गाठ नव्हती.

लाखांदूरकडच्या एका गावाची गोष्ट सांगते, म्हणजे मी इतकी का चिडते ते कळेल.

तिथे मंडळाचा अध्यक्षच राजा होता. अंगाने भारी माणूस. तालमीत त्याला फळी जरा हलल्यासारखी वाटली. आता पाचरीवर बसवलेली फळी जरा बोलतेच. गावाच्या आपल्या रंगमंचाला खिळे ठोकायची रीत, तेव्हा त्याने काकाजी पडदे बांधत असताना आपल्या माणसांना सांगून आमच्या फळ्यांना लांब लांब खिळे ठोकून घेतले, घोड्यांपर्यंत. मदत म्हणून. कोणाला वाईट वाटायचं कारणच नव्हतं. राजा रात्रभर दणदणीत चालला, लढाई झाली, मी विधवा झाले, उजाडलं.

काकाजी फळ्या सोडवायला गेले आणि तिथेच बसले. मी रंग पुसता पुसता पाहिलं, त्यांचा हात एका खिळ्याच्या डोक्यावरून फिरत होता. मग ते उठले. पकड आणली आणि एकेक खिळा हलवायला लागले, असा जपून की जणू लहान मुलाच्या पायातला काटा काढतायत. सगळे निघेपर्यंत दुपार झाली असती. रात्री पुढच्या गावाला नाटक होतं.

अध्यक्ष आला. मिशी अजून रंगवलेली होती. म्हणाला की बायांनी कशाला ताटकळायचं, आमचं घर आहे, पाहुण्याच आहेत, घरात बायामाणसं आहेत. मोठ्या बाई गाडीच्या पायरीवर जाऊन बसल्या. आणि काकाजींनी, मान वर न करता, आम्हाला जा म्हणून सांगितलं. "तुमी पडा जी थोडं. मी काढून राहिलो."

माझा संताप झाला. ज्या माणसाने आमच्यासाठी गाडी केली तोच आज फळी वाचावी म्हणून आम्हाला परक्याच्या घरी पाठवत होता. लाकडाला ओरखडा येऊ नये, बाईचं काय, ती कुठेही पडेल. असं मनात म्हणत मी गेले. मोठ्या बाई गाडीच्या पायरीवरच बसून राहिल्या.

घर मोठं होतं. मागच्या अंगणात धानाची कोठी रिकामी करून सतरंजी घातली होती. अध्यक्षाच्या बायकोने पाण्याचा तांब्या ठेवला. चांगली बाई होती ती, मी तिला दोष देत नाही. मी दार लोटून कडी शोधली. आतून कडी नव्हती. बाहेरून होती, जाड, लोखंडी, धान चोरीला जाऊ नये म्हणून बसवलेली. अध्यक्षाच्या मनात काय होतं मला माहीत नाही. काहीच नसेल. मला ती कडी दिसली, एवढं पुरे होतं.

मी परत आले. अध्यक्ष तिथेच उभा होता, आजूबाजूला गाव जमलं होतं. मी काकाजींना एवढंच म्हटलं, "काकाजी, तिथं कडी बाहेरून आहे."

काकाजींनी पकड खाली ठेवली. मोठ्या बाईंकडे पाहिलं. मग अध्यक्षाला विचारलं, "खोलीले आतून कडी काहून नाई जी?"

"कडी कायले पायजे?" अध्यक्ष म्हणाला. "आमच्या गावात कोणी चोर आहे का?"

काकाजींनी कोणाच्या तरी बैलबंडीतली पहार उचलली, फळीच्या खाली सारली आणि अंगचा सगळा भार टाकला. लाकूड असं तडकलं की पलीकडच्या झाडावरचे पक्षी उडाले. अध्यक्ष पुढे झाला. "अजी, फळ्या फुटून राहिल्या ना तुमच्या."

"फुटू द्या," काकाजी म्हणाले. "झोपाले फुटकी चालते."

ज्यांनी आम्हाला तेलाच्या एका थेंबासाठी बोलून बोलून हैराण केलं होतं, त्यांनी त्या सकाळी गावादेखत आपल्या हाताने आपला रंगमंच फोडला. एकेक फळी. गाव बघत राहिलं, कोणी हात लावला नाही आणि कोणी हसलंही नाही. मग ते तुकडे त्यांनी उचलून गाडीत नेले, दोरीने घोड्यांना आवळले आणि आम्हाला म्हणाले की चढा. मी आतून कडी लावली. माझ्या फळीला मधोमध भेग होती आणि ती पाठीला चावत होती. त्या दिवशी मी जितकी गाढ झोपले तितकी त्याआधी कधी झोपले नव्हते.

पुढे त्या फळ्यांना लोखंडी पट्ट्या मारल्या, पण त्या पूर्वीसारख्या बसल्या नाहीत. दरबारात कुरकुर व्हायची. मंडळांना ते खपेना. मोठ्या कंपन्या आल्या, त्यांच्याकडे घडीचा लोखंडी रंगमंच, रंगीत दिवे, बस. आणि त्याच मंडळांनी, ज्यांच्या पोरांना काकाजींनी वर्षानुवर्षं राजाचे झगे घातले होते, त्यांना फुटक्या फळ्यांचा म्हातारा म्हणायला सुरुवात केली. मोठ्या बाई वारल्या. मी नाटक सोडलं.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा एका लग्नासाठी काकाजींच्या गावाकडे गेले होते. एस.टी.तून उतरले, काकाजींचं घर विचारलं. मुलाचं खताचं दुकान होतं. मुलगा सभ्य, चहा मागवला. काकाजी कुठे आहेत म्हटलं तर मागे आहेत म्हणाला आणि जरा घुटमळला. आजकाल त्यांना भान राहत नाही, मागे एकदा उन्हात अनवाणी वडशाच्या रस्त्याला लागले होते, दोन गावांपलीकडे सापडले. दुकान बघायचं की त्यांना, असं तो म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं.

मागे खताच्या पोत्यांची खोली होती. दाराला बाहेरून कडी.

मी काय काय बोलले ते आता आठवत नाही. मुलगा खाली मान घालून उभा राहिला, त्याची बायको पदराआड गेली. कडी मीच काढली. आत काकाजी एका पोत्याला टेकून बसले होते, गुडघे पोटाशी, गाडीच्या सीटवर असायचे तसेच. मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. पायापासून डोक्यापर्यंत एकदा पाहिलं आणि म्हणाले, "दोन गाठी."

चिंचेखाली मेटॅडोर उभी होती. चाकं विकली होती, खाली विटा लावल्या होत्या. आत कोंबड्यांची घाण होती, पण फळ्या होत्या, पट्ट्या मारलेल्या, आणि पायरीला माझी पेटी होती, गंजलेली. मी मुलाकडून बादलीभर पाणी आणवलं आणि गाडी धुतली. दोन्ही फळ्या घोड्यांवर टाकल्या. काकाजी दाराशी उभे राहून बघत होते आणि मी मोठ्या बाईंची फळी चुकीच्या बाजूला लावली म्हणून त्यांच्या तोंडातून नाराजीचा आवाज निघाला. ती बदलली. मग म्हटलं, "पडा."

"ते तुमची आहे ना जी," ते म्हणाले.

"पडा, काकाजी."

ते पायरीवर पाय देऊन चढले आणि माझ्या फळीवर हळूहळू लांब झाले. पाय बाहेर राहिले, वीतभर. पुन्हा उठून बसले. मला वाटलं, माप बसलं नाही म्हणून उतरणार. पण त्यांनी हात लांब करून दार ओढून घेतलं.

आम्ही बाहेर उभे होतो. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

मुलगा घाबरला. "आता उघडतील कधी?"

"त्यांना वाटेल तेव्हा," मी म्हटलं, आणि पेटीवर बसून राहिले.